उष्टी ताटं कोण उचलणार?

मान खाली घालू नकोस. वर बघ. मान खाली घालणं तुला फार लवकर जमतं, तेच तर दुखणं आहे.

पुण्यगुरुवारी तू मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतलेस. घंगाळ, पांढरा टॉवेल, टेकलेले गुडघे. संध्याकाळी ते फोटो तुझ्या स्टेटसला होते. आणि ईस्टरच्या प्रीतिभोजनात पंगत उठली, तेव्हा पन्हाळ्याकडच्या वाडीतून आलेला तो नवा भाऊ तुला म्हणाला, "दादा, ताटं उचलू लागा जरा." तू काय उत्तर दिलंस? "मी पंचांत आहे." मी माझ्या कानांनी ऐकलं. शब्बाथ शाळेत सहा वर्षं शिकवलं तुला. मला त्या दिवशी घास गिळवेना.

घरून धुऊन आणलेले पाय धुवायला काय लागतं रे? प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री माडीवर होते ते पाय वाटेच्या धुळीचे होते, आणि ते धुणं गुलामाचं काम होतं. लूक सांगतो, त्याच जेवणाला शिष्यांचा वाद जुंपला होता, आपल्यात मोठा कोण म्हणून. त्या भांडणाऱ्यांचे पाय प्रभूने धुतले. यहूदाचेही धुतले, तो उठून कुठे जाणार हे ठाऊक असताना. तुला मात्र आपल्याच भावाच्या ताटाला लागलेलं खरकटं सोसवलं नाही.

"आम्ही मिशनच्या काळापासूनचे", हे तुझं पालुपद. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. तेव्हापासूनची घराणी इथे आहेत, खरं. त्यात तुझी कमाई काय? पणजोबांच्या बाप्तिस्म्याचं तू सोवळं केलंस. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी तुला वाचायला दिली होती. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला तरी त्या बाईचा विटाळ सुटला नव्हता, पाणीसुद्धा वेगळं. तो सोडताना जीव कसा पिळवटला ते त्यांनी काही न लपवता लिहिलंय. त्यांनी जे सोडलं ते तू बाप्तिस्मा घेतलेल्या घरात जन्मून पुन्हा अंगावर घेतलंस. आणि त्यांचे पती? रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. तुला एक खुर्ची सोडवत नाही.

प्रार्थनेला उभा राहिलास की म्हणतोस, मी नालायक, मी धूळ, मी काहीच नाही. व्याकरण शिकवलंय ना तुला? सांग, या तिन्ही वाक्यांत कर्ता कोण? दहा मिनिटं देवासमोर उभा राहतोस आणि बोलतोस फक्त स्वतःबद्दल. नम्रता ती नव्हे. पौलाने ख्रिस्त रिता झाला असं लिहिलं ते फिलिप्पैच्या मंडळीला. ते गाव निवृत्त रोमी सैनिकांची वसाहत होतं, हुद्द्याला आणि मानपानाला जपणारं. त्याच गावात त्याने सांगितलं, की देवाच्या बरोबरीचा असून तो दासाच्या रूपात आला. कैदेत बसून लिहिलं हे. तुला पंच केलं ते या पत्राच्या आधारावर, तुझ्या आडनावावर नाही.

आणि आणखी एक, हे नीट ऐक. त्या भावाला नम्रतेचे धडे द्यायला जाऊ नकोस. त्याच्या बापजाद्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या वाकवलं. ताठ उभं राहायला तो देवाच्या घरात आलाय. तिथे त्याला पुन्हा वाकवशील तर ते पाप तुझं, आणि आम्ही गप्प राहिलो तर आमचंही. सोडायचं त्याने, ज्याच्या हातात काही आहे. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य ठरवलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला. छत्रपती होते ते! तू कोण आहेस?

रडू नकोस. रागाने बोलले, पण तू माझ्या हातचा मुलगा आहेस. परका असतास तर एवढा वेळ उभी राहिले नसते. येत्या रविवारी पुन्हा जेवण आहे. भांड्यांचं टोपलं मागच्या नळाशी असतं. फोन घरी ठेवून ये. आणि त्या भावाचं नाव काय, ते आज संध्याकाळच्या आत त्याच्या घरी जाऊन विचारून ये. तीन महिने झाले तो आपल्यात येतोय, आणि तू अजून त्याला "ए" म्हणून हाक मारतोस.