थर्मल पेस्ट आणि अवयवी

ग्राफिक्स कार्डाची चिप आणि तिच्यावर बसवलेला कूलर यांच्यामध्ये राखाडी रंगाचा एक पातळ लेप असतो. ती थर्मल पेस्ट. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्म पातळीवर त्यांत चढउतार असतात. ते एकमेकांवर टेकतात तेव्हा मोजक्याच ठिकाणी खरा स्पर्श होतो आणि उरलेल्या फटींत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला सुमारे ०.०२६ वॉट, तर तांब्याची सुमारे ४०० वॉट. पेस्टचा आकडा साधारण ४ ते १२ एवढाच भरतो. तांब्यापुढे ती क्षुल्लक वाहक आहे, पण तिची स्पर्धा तांब्याशी नसून हवेशी आहे. म्हणून फट बुजेल इतकीच पेस्ट हवी. त्याहून जाड थर स्वतःच अडथळा होतो. मेमरी चिप आणि वीजपुरवठ्याचे घटक यांची उंची मुख्य चिपपेक्षा वेगळी असते. तेथे राहणारी अर्ध्या मिलिमीटरपासून दोन-तीन मिलिमीटरपर्यंतची जागा मऊ थर्मल पॅड भरून काढतात.

पेस्ट म्हातारी होते ती ज्या उष्णतेसाठी तिला नेमले त्याच उष्णतेने. मार्च २०१७ मध्ये बाजारात आलेले एनव्हिडियाचे जीटीएक्स १०८० टीआय हे याचे चांगले उदाहरण. त्याच्या ४७१ चौरस मिलिमीटरच्या चिपमध्ये सुमारे १,२०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि पूर्ण भारावर कार्ड २५० वॉटच्या आसपास वीज घेते. या चिपवर धातूचे झाकण नसते. उघडे सिलिकॉन थेट कूलरला भिडते. गेम सुरू झाला की दोन्ही तापतात, बंद झाला की निवतात. तापताना तांबे सिलिकॉनच्या सहापटींहून अधिक पसरते, आणि या रोजच्या विषम हालचालीने मधली पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. शिवाय तिच्यातील सिलिकोन तेल वेगळे होऊन झिरपते आणि झिंक ऑक्साइड किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची कोरडी पूड मागे उरते. पॅडही तेल सोडतात, कडक होतात. चिपचे सर्वसाधारण तापमान आणि तिच्यावरील सर्वांत तप्त बिंदू यांतील फरक एरवी दहा-पंधरा अंशांचा असतो. तो पंचवीस-तीसच्या पुढे गेला की पेस्ट संपली असे समजायला हरकत नाही. पंखे घोंघावू लागतात आणि शेवटी चिप स्वतःच आपला वेग उतरवते.

बदलण्याचे काम अवघड नाही, निगुतीचे आहे. स्क्रू कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे सैल करायचे, कूलर पूर्ण उचलण्याआधी पंख्यांच्या वायरी सोडवायच्या, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी लावायची. खरी गोम पॅडमध्ये आहे. ठरलेल्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड आणि कडक पॅड बसला, तर मेमरी कूलरला चिकटते पण कूलर मुख्य चिपवर नीट टेकत नाही, आणि दुरुस्तीनंतर तापमान उलट वाढते.

काम झाल्यावर मालक म्हणतो, कार्ड नवे झाले. त्याच दमात तो हेही म्हणतो की कार्ड तेच आहे, फक्त पेस्ट बदलली. ही दोन विधाने एकत्र कशी नांदतात, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. प्लुटार्कने थीसियसच्या चरित्रात अथेन्सकरांनी जपलेल्या जहाजाची हकीकत दिली आहे. कुजलेली फळी काढून नवी बसवत गेल्यावर जहाज तेच राहते की दुसरे होते, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले होते. टॉमस हॉब्जने १६५५ च्या ‘दे कॉर्पोरे’ या ग्रंथात पेच आणखी आवळला: काढलेल्या फळ्या कोणी जपून त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? पेस्टला हा पेच लागू होत नाही. पुसून काढलेल्या पेस्टचे कळकट बोळे कितीही जपले, तरी त्यांतून दुसरे कार्ड उभे राहणार नाही. पेस्ट ही फळी नव्हे. मग ती काय आहे, हे ठरवायला ग्रीक कथेपेक्षा वैशेषिक दर्शन जास्त उपयोगी पडते.

कणादांच्या या वैशेषिक परंपरेत पूर्ण वस्तू, म्हणजे अवयवी, ही अवयवांची नुसती बेरीज नसते. ते स्वतंत्र द्रव्य आहे आणि ते आपल्या अवयवांत समवाय संबंधाने राहते. वस्त्र तंतूंपासून वेगळे काढून बाजूला ठेवता येत नाही, तसा हा संबंध. संयोग याहून वेगळा. तो एक गुण आहे. आधी अलग असलेली द्रव्ये भेटतात आणि पुन्हा विलग होऊ शकतात. मेजावरचे पुस्तक मेजाला भिडलेले असते, पण मेजाचा अवयव होत नाही. या मोजमापाने मुख्य चिप, मेमरी, सर्किट बोर्ड हे कार्डाचे अवयव ठरतात. त्यांना बांधणारे सोल्डरचे सांधे म्हणजे अवयवांचा परस्परसंयोग, ज्याला हे दर्शन असमवायी कारण म्हणते. तो तुटला की अवयवी नष्ट होतो. पेस्टचा संयोग या जातीचा नाही. चिप बोर्डावर जोडली जाते तेव्हा पेस्ट अजून आलेलीही नसते, आणि पेस्ट पुसून टाकलेले कार्ड चालवण्याजोगे नसले तरी कार्डच असते.

हा निकष कठोर आहे. वस्त्रातून एक तंतू निघाला तर जुने वस्त्र नष्ट होऊन उरलेल्या तंतूंचे खंडपट उत्पन्न होते, असे वैशेषिक मानतात. त्यांच्या हिशेबी बोर्डावरचा एक जळका कपॅसिटर बदलला तर कार्ड दुसरे, आणि सगळी पेस्ट व सगळे पॅड बदलले तरी कार्ड तेच. द्रव्य किती बदलले याला येथे महत्त्व नाही. कोणता संबंध तुटला याला आहे. कपॅसिटरच्या बाबतीत हा निर्णय कोणत्याही दुरुस्तीवाल्याला हास्यास्पद वाटेल, आणि ते चूक म्हणता येणार नाही. पण पेस्टच्या बाबतीत व्यवहार जे बोलतो त्याचे कारण या निकषाइतके स्वच्छ दुसरीकडे सापडत नाही.

उष्णतेने वस्तू दुसरी होते का, यावरही या परंपरेत वाद झाला आहे. कच्चे मडके भट्टीत भाजून लाल होते तेव्हा काय घडते? वैशेषिकांचा पीलुपाकवाद सांगतो की अग्नीच्या आघाताने मडके परमाणूंपर्यंत विस्कळीत होते, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांतून नवे मडके घडते. हे इतके झपाट्याने होते की कोणाच्या लक्षात येत नाही. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचा, पिठरपाकवाद म्हणतो की मडके अखंडच भाजले जाते. भट्टीत मडक्यावर ठेवलेली मडकी कोसळत नाहीत, आणि बाहेर काढल्यावर हेच ते मडके अशी ओळख पटते. चिपच्या बाबतीत नैयायिकांची बाजू बरोबर दिसते: ती तापते, किंचित पसरते, निवते आणि तीच राहते. पेस्टमध्ये मात्र खरोखर विघटन होते, आणि निवल्यावर ती पूर्वपदाला येत नाही. भट्टीचा विषय निघालाच आहे, तर सोल्डरचे तडे बुजावेत म्हणून बंद पडलेली कार्डे घरच्या ओव्हनमध्ये भाजण्याची एक टूम मध्यंतरी होती. काही कार्डे त्याने जिवंत झाली, पण बहुधा थोड्याच दिवसांसाठी.

बौद्धांना अवयवी मान्यच नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे आस, चाके की जू? यांपैकी काहीच रथ नाही आणि यांपलीकडेही रथ नाही. रथ हे व्यवहारासाठी दिलेले नाव. क्षणिकवादानुसार तर कार्ड दर क्षणी नवे आहे, आणि ‘तेच’ म्हणजे सारख्या क्षणांचा संतान. नैयायिकांनी याविरुद्ध प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ‘तोच हा’ या ओळखीचा, दाखला दिला. बौद्धांनी कापून पुन्हा वाढलेल्या केसांकडे आणि नखांकडे बोट दाखवले: तेथेही ओळख पटते, पण वस्तू दुसरी असते. संगणकाची प्रत्यभिज्ञा पाहिली तर तिचा दोन्ही पक्षांना उपयोग आहे. ड्रायव्हर कार्ड ओळखतो तो उत्पादक आणि मॉडेल यांच्या क्रमांकांवरून, आणि हे क्रमांक एकाच मॉडेलच्या सगळ्या कार्डांत सारखे असतात. न्यायाच्या भाषेत त्याला जातीचे ज्ञान होते, व्यक्तीचे नाही. चिपला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो खरा, पण तोही चिपचा. पेस्ट, पॅड, अख्खा कूलर बदलला तरी संगणकाला त्याचा पत्ता नसतो.

लेप गौणच असतो, असा नियम मात्र करता येत नाही. दक्षिण भारतातील मंदिरांत मूर्ती आणि पीठ यांना सांधणारा अष्टबंध नावाचा आठ द्रव्यांचा लेप असतो. तोही कालांतराने कडक होऊन फुटतो आणि साधारण बारा वर्षांनी नवा करतात. जागा तीच, झीजही तशीच. पण आगमपरंपरेत हे काम नुसती डागडुजी नसते. आधी देवतेची शक्ती मंत्रपूर्वक कलशात आणली जाते, नवा लेप बसल्यावर कुंभाभिषेकाने ती पुन्हा मूर्तीत स्थापली जाते. मूर्तीचा दगड बदललेला नसतो, तरी सांधा सुटणे ही देवतेच्या सान्निध्यावरची बाब मानली जाते. वस्तूचे असणे जेथे तिच्या प्रतिष्ठेवर अवलंबून आहे, तेथे लेपाला वस्तूच्या स्वरूपात वाटा मिळतो. कार्डाची प्रतिष्ठापना कोणी केलेली नसते.

कूलरचा निर्णय यामुळे अर्धवट राहतो. तो स्क्रूने बसतो, म्हणजे संबंध संयोगाचाच. त्याच्या जागी पाण्याचा ब्लॉक बसवला तरी कार्डाचे नाव बदलत नाही. पण दुकानात एकाच चिपची कार्डे निरनिराळ्या नावांनी विकली जातात ती बऱ्याच अंशी कूलरमुळे, आणि खरेदीदाराच्या लेखी तो अवयवच असतो. बोर्ड जळाला आणि चिप शाबूत राहिली तर काही कारागीर ती उपटून दुसऱ्या बोर्डावर बसवतात. वैशेषिकांच्या मते ते तिसरेच कार्ड, नागसेनाच्या मते नाव देण्याचा प्रश्न. हॉब्जचा पेच येथे मात्र पुरता लागू होतो, कारण जुन्या बोर्डाची जळकी वाट दुरुस्त करून त्यावर आणखी एखादी चिप बसवता येते, आणि मग दोन कार्डे ‘तेच’ असल्याचा दावा करू शकतात.