वर्गणीची वही

सीमाभागातील आमची मंडळी लहान. रविवारी उपासनेला चाळीस माणसे जमली की आम्ही समाधान मानतो. बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना, आणि वर्षअखेर वर्गणीचा हिशेब. तो उपासनेनंतर नावानिशी वाचण्याची रीत होती. कित्येक वर्षे आम्हीच वाचत असू. बाकीदारांची नावेही त्यात येत. त्यात गैर काय? मंदिराची कौले शाकारायला पैसे लागतातच!

एके वर्षी मागच्या बाकावरच्या एक वृद्ध बाई येईनाशा झाल्या. आम्ही समजलो, गुडघे दुखत असतील. तीन महिन्यांनी भेटीस गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळ, बाकी फिटली की येते."

मेथडिस्ट म्हणवणाऱ्यांना हे शोभले काय? आपल्या वर्गसभेचा उगमच मुळी कर्जातून झाला. १७४२ साली ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहाचे ऋण फेडण्यास प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे ठरत होते. गरिबांचे काय, असा प्रश्न निघताच एक गृहस्थ म्हणाले की, अकरा अगदी गरीब माणसे माझ्याकडे द्या. त्यांना जमले नाही तर मी भरीन. पुढे पेनी मागायला घरोघर गेलेल्या पुढाऱ्यांना माणसांची खरी स्थिती कळू लागली, आणि वेस्लींना त्याचेच मोल अधिक वाटले.

वही त्यांच्याही हाती होती. पण ती घेऊन ते लोकांच्या दारी गेले.

आता आम्ही नावे वाचत नाही. खजिनदार म्हणतात, आवक घटली. ते खरे आहे. बाई अजून आलेल्या नाहीत. येत्या बुधवारची प्रार्थना त्यांच्या घरी ठेवली आहे.