पुसलेले अक्षर

जे क्षय पावत नाही ते अक्षर, अशी या शब्दाची व्युत्पत्ती आपल्याकडे सांगतात. संगणकाच्या बाबतीत ती बरीचशी खरी ठरते. फाईल पुसली म्हणजे बहुधा तिची अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी जाते. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो. म्हणून संगणकात कोणी चोरून शिरल्याचे कळताच तज्ज्ञ प्रथम हार्डडिस्कची हुबेहूब प्रत करून घेतो आणि मूळ वस्तूस धक्का न लावता त्या प्रतीतून पुसलेले बाहेर काढतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. काही रक्कम आमच्या निपाणीच्या शेजारच्या कोल्हापुरातील एटीएममधूनही निघाली. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांस दोषी ठरविले. अशा प्रसंगी चोराने पुसलेली खूण शोधू नये, असे कोण म्हणेल?

परंतु फोडलेला संगणक चोराचा नसतो, तो पीडिताचा असतो. चोराच्या खुणेशेजारीच एखाद्या निरपराध कारकुनाने रागाच्या भरात लिहून मागाहून पुसलेले पत्र पडलेले असते. देवस्थानाच्या संगणकात भक्ताने नवसापोटी सांगितलेले घरचे दुःखही असू शकते. एकाच जाळ्यात दोन्ही सापडतात. मग तेही वाचावे काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र मागते. त्यात हॅश-मूल्य नमूद करावे लागते. पुराव्यात फेरफार झाला नाही, एवढे त्यावरून समजते. तो वाचण्याचा अधिकार होता की नाही, हा प्रश्न निराळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणास मूलभूत हक्क मानले, ते याच प्रश्नाच्या दिशेने.

चित्रगुप्ताच्या वहीतून काहीही सुटत नाही; तरीही आपल्या शास्त्रांनी प्रायश्चित्ताची वाट मोकळी ठेवली. मागे घेतलेला शब्द आणि लपविलेला पुरावा यांत भेद आहे. वाचल्यावाचून तो भेद कसा कळणार, ही शंका रास्त आहे. तथापि कोण शिरला, केव्हा शिरला, कोणत्या वाटेने शिरला, हे प्रश्न आधी लिहून ठेवले तर दिवस, वेळ आणि फाईलचा प्रकार यांवरूनच पुष्कळसे न उघडता बाजूस ठेवता येते. उरलेले वाचावे लागलेच, तर प्रकरणाबाहेरचे कोणास सांगू नये. आमच्या भागातील देवस्थानांच्या व पतसंस्थांच्या विश्वस्तांनी तज्ज्ञाच्या हाती संगणक देण्यापूर्वी एवढी अट लेखी घालावी, असे आम्हांस वाटते.