कार्यकर्त्याचा छंद

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एखाद्या उमेदवारासाठी पदरमोड करून घरोघर फिरणाऱ्या, मतदारयादीतील नावे पडताळणाऱ्या आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर त्याचा प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्या माणसाला मराठीत कार्यकर्ता म्हणतात, आणि तो स्वतः आपल्या कामाला बहुधा सेवा म्हणतो. या दोन शब्दांच्या शेजारात धर्मविचारातील एक जुनी अडचण दडलेली आहे. भक्तिपरंपरेने घडविलेल्या अर्थाने सेवा सर्वांसाठी असते आणि तिच्यात कोणाचा पराभव अभिप्रेत नसतो. प्रचार एकासाठी असतो, आणि तो सफल झाला तर दुसरा हरतोच. मग एका गावकऱ्याने हरावे म्हणून केलेले काम त्याच गावाची सेवा कसे ठरेल, आणि ठरत असेल तर कोणत्या अटीवर, असा हा प्रश्न आहे.

आदिलाबादच्या सीमावर्ती मुलखात तो विशेष टोकदार होतो. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला, 2014 मध्ये तेलंगणात आला आणि 2016 मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. गोंडी, कोलामी, बंजारा, मराठी, तेलुगू आणि उर्दू या भाषा येथे एकाच बाजारात ऐकू येतात. तेलंगणाच्या 2018 च्या पंचायतराज कायद्याने 500 वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या तांड्यांना आणि गूडेमांना, म्हणजे आदिवासी पाड्यांना, स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा मिळाला, आणि अशा नव्या पंचायतींच्या पहिल्या निवडणुका जानेवारी 2019 मध्ये तीन टप्प्यांत झाल्या. 500 लोकसंख्या म्हणजे जेमतेम शंभर-सव्वाशे घरे. एवढ्या वस्तीत उमेदवार हा प्रत्येकाचा कोणी ना कोणी लागतो. मतपत्रिका गुप्त राहिली तरी बाजू गुप्त राहत नाही, आणि निकालानंतर जिंकलेल्याला व हरलेल्याला त्याच बोअरवर पाणी भरावे लागते. त्यातच ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर लढविल्या जात नसल्यामुळे कार्यकर्त्याला पक्षाच्या ध्येयधोरणाचा आडोसाही मिळत नाही: तो एका माणसाच्या बाजूने आणि दुसऱ्या माणसाच्या विरुद्ध, उघडपणे उभा असतो.

सेवा या शब्दाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. मनुस्मृतीत सेवेला श्ववृत्ती, म्हणजे श्वानाचे जिणे, म्हटले आहे, कारण तेथे सेवा म्हणजे पोटासाठी दुसऱ्याच्या आज्ञेत राहणे. भक्तिसंप्रदायांनी मोबदला आणि मालक हे दोन्ही काढून टाकून या शब्दाचे रूपच पालटले. या पालटलेल्या अर्थाचे निर्मळ उदाहरण आदिलाबादेतच सापडते. इंद्रवेल्लीजवळील केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिच्यासाठी गोंडांच्या मेस्राम कुळातील माणसे पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, आणि त्याच कुळाच्या वर्गणीतून उभे राहिलेले नवे मंदिर 2022 मध्ये पूर्ण झाले. पाणी आणणाऱ्यासमोर कोणी प्रतिस्पर्धी नसतो. त्याच्या श्रमातून कोणाचे काही उणे होत नाही. उमेदवाराच्या कार्यकर्त्यानेही मजुरी बुडवून पायपीट केली, कापसाची वेचणी चालू असताना दिवस मोडले, तरी त्याच्या श्रमाला ही निर्मळता आपोआप लाभत नाही. त्याच्या सेवेला प्रतिपक्ष आहे.

आधुनिक मराठी विचाराने या अडचणीला दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी गीतेचा निष्कर्ष कर्मत्याग नसून कर्मयोग आहे असे प्रतिपादन केले आणि लोकसंग्रह, म्हणजे समाजाची घडी नीट राहावी म्हणून केलेले कर्म, हे ज्ञानी पुरुषाचेही कर्तव्य ठरविले. या दृष्टीने बाजू घेणे हा दोष नाही. युद्धभूमीवर सांगितलेल्या ग्रंथाला ते अपरिचित असण्याचे कारणही नाही. विनोबा भावे यांनी मात्र 1951 मध्ये पवनारहून पायी शिवरामपल्लीस जाऊन, पुढे पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ केल्यानंतर, राजनीतीच्या जागी लोकनीती यावी असा आग्रह धरला. लोकनीती म्हणजे पक्षांनी सत्ता मिळवण्याऐवजी लोकांनी एकविचाराने आपला कारभार चालवणे. त्यांच्या दृष्टीने गाव फोडणारा प्रचार ही हिंसेचीच एक सौम्य जात होती, आणि गावाने आपला माणूस सर्वसंमतीने निवडावा हे श्रेयस्कर होते.

तेलंगणात ही दुसरी कल्पना शासनव्यवहारातही शिरली आहे. बिनविरोध निवडीला तेलुगूत ‘एकग्रीव’ म्हणतात; ग्रीवा म्हणजे मान, आणि एकग्रीव म्हणजे जणू सगळ्या गावाची मान एकच. अशा पंचायतींना प्रोत्साहन म्हणून सरकारने वेळोवेळी निधी जाहीर केला. शब्द सुंदर आहे, पण तो दोन अर्थी आहे: एकमेकांवर विश्वास असलेली माणसेही एका मानेने होकार देतात, आणि एकाच जोखडात अडकलेली जनावरेही एकाच दिशेने मान वळवतात. जोखड की विश्वास, हे निकालाच्या कागदावरून ओळखता येत नाही.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणांनी हा भेद स्पष्ट होतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत आहे. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो, आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा ज्या गावाने रूढ केली, त्याने एकाच्या नकाराला एवढे वजन दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. याउलट नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदासाठी बोली लावली गेल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये तेथील निवडणूक प्रक्रिया रद्द केली. उमराण्यातील बोली दोन कोटींच्या वर गेली होती आणि ती गावातील मंदिरासाठी होती. देवाच्या नावाने दिलेले धन सार्वजनिक पदाची किंमत होऊ शकते काय, हा प्रश्न तेथे धर्मशास्त्राचाही होता. दान स्वेच्छेचे असते आणि त्याच्या मोबदल्यात काही मागायचे नसते. ज्याच्या बदल्यात पद मिळते तो सौदा होय, मग घेणारा देव का असेना. मेंढ्याची सहमती आणि उमराण्याची सहमती बाहेरून सारखीच दिसली तरी पहिलीत प्रतिपक्षाला ऐकून घेतलेले असते, दुसरीत त्याला विकत घेऊन मिटवलेले असते.

बाजू घेण्याची नीती कोणत्या कसोटीवर पारखावी, याचे उत्तर मात्र टिळक-विनोबांपूर्वी कितीतरी शतके बौद्ध भिक्षुसंघाच्या विनयात, म्हणजे संघाच्या आचारसंहितेत, शोधता येते. संघात मतभेद मिटेनासा झाला की शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेतले जाई. ते उघड, गुप्त किंवा कानात सांगून घेता येई, आणि ते घेण्यासाठी शलाकाग्राहक नेमला जाई. या ग्राहकाची पात्रता चार अगतींच्या अभावावर ठरे. अगती म्हणजे आडवाटेने जाणे. ती छंदामुळे, द्वेषामुळे, मोहामुळे किंवा भयामुळे होते. यातील पहिला शब्द विशेष महत्त्वाचा आहे. पाली विनयात छंद म्हणजे आवड, पक्षपात. पण आजारपणामुळे सभेला येऊ न शकणारा भिक्षू आपली जी संमती दुसऱ्याकरवी पाठवी, तिलाही छंदच म्हणत. पक्षपात आणि संमती यांना एकच शब्द असावा हा केवळ भाषेचा योगायोग नाही. ज्याला कशाचीच आवड नाही त्याच्या होकाराला अर्थ नाही. निवड करायची तर काहीतरी आवडावे लागते.

यावरून कार्यकर्त्याचे स्थान नेमके ठरवता येते. मत मोजणाऱ्याने चारही अगती टाळल्या पाहिजेत. मतदान अधिकाऱ्याची तटस्थता ही त्याच शलाकाग्राहकाची वारस आहे. कार्यकर्त्याकडून ती अपेक्षा करणे चूक आहे, कारण छंद हेच त्याच्या कामाचे बीज आहे, आणि अनेकांचे छंद उघडपणे मांडले गेल्याशिवाय गावाची संमती आकाराला येत नाही. त्याला चारांपैकी एक अगती मोकळी आहे. उरलेल्या तीन मात्र स्वतः बाळगण्यासही आणि मतदारात पसरवण्यासही वर्ज्य आहेत. प्रचार आणि सेवा यांची सांगड बसते ती याच अटीवर.

द्वेषाबाबत न्यायदर्शनाने केलेला भेद मार्गदर्शक आहे. तेथे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्यनिर्णयासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणारी वितंडा. प्रचार स्वभावतः जल्प आहे, कारण तो जिंकण्यासाठीच असतो, आणि त्याला वाद म्हणणे ढोंग होईल. परंतु तो वितंडेत घसरू नये एवढी मर्यादा पाळता येते. भारतीय शास्त्रग्रंथांत आपला सिद्धान्त मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, त्याला मान्य होईल अशा रीतीने मांडण्याची शिस्त आहे. मतदाराच्या ओट्यावर बसलेला कार्यकर्ता समोरच्या उमेदवाराचा एखादा गुण खरेपणाने सांगू शकत असेल, तर त्याचा छंद अजून द्वेषात परिवर्तित झालेला नाही असे समजावे.

मोहाचा धोका अधिक सूक्ष्म आहे, कारण तो निष्ठेच्या रूपात येतो. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. त्याच भाषणात बौद्ध संघांना सभाशास्त्राचे नियम ठाऊक होते याचीही त्यांनी आठवण करून दिली होती. भक्तीची भाषा ज्याच्या अंगवळणी पडली आहे, हरिनाम सप्ताहात वाढपी म्हणून राबण्याची ज्याला सवय आहे, त्या मराठी कार्यकर्त्याला हा इशारा विशेष लागू पडतो. विठ्ठलाची सेवा करणाऱ्याला विठ्ठलाचा हिशेब तपासावा लागत नाही; सरपंचाची सेवा करणाऱ्याला मात्र ग्रामसभेत उठून हिशेब मागणे हा सेवेचाच भाग मानावा लागतो.

भयाच्या बाबतीत एकग्रीव निवडीचा पुन्हा विचार करावा लागतो. गावाचा एक आवाज हा पुष्कळदा गावातील बलवानांचा आवाज असतो, हे आंबेडकरांनी खेड्यांविषयी केलेल्या कठोर टीकेचे सार होते. अर्ज मागे घ्यायला लावणे, वाळीत टाकण्याची धमकी देणे किंवा देवासमोर शपथ घालून मत बांधून घेणे, यांपैकी शेवटचा प्रकार धर्मदृष्ट्या सर्वांत गंभीर आहे, कारण तो श्रद्धेलाच भयाचे हत्यार बनवतो. अशा गावात हरणाऱ्या उमेदवारासाठी उभा राहणारा एकटा कार्यकर्ता गावाची मोठी सेवा करतो: त्याच्यामुळे दुसरा पर्याय डोळ्यांपुढे राहतो, आणि पर्याय असताना दिलेला होकारच संमती ठरतो.

प्रतिपक्षाची ही गरज आदिलाबादच्या गोंड समाजाला परकी नाही. त्या समाजाची रचना सगा या गटांवर उभी आहे. चार, पाच, सहा आणि सात देवांचे असे हे सगे असून विवाह स्वतःच्या सग्यात होत नाही. म्हणजे दुसरी बाजू नसेल तर कूळ पुढे चालणारच नाही. जो आपल्यातला नाही तोच सोयरा होतो. निवडणुकीतील विरोधकाकडे शत्रू म्हणून न पाहता सोयरा म्हणून पाहण्याची कल्पना बाहेरून आणण्याची गरज या मुलखात पडू नये.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील आणि आता आसिफाबाद जिल्ह्यात गणल्या जाणाऱ्या केरामेरी मंडलातील सीमेवरची वादग्रस्त 14 गावे या विवेचनाला एक विलक्षण जोड देतात. या गावांवर तेलंगण आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यातही ती मोडतात, आणि अनेक वर्षे तेथील लोकांची नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत राहून एका गावाला दोन सरपंच मिळत आले. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असता कामा नये. त्या दृष्टीने ही स्थिती विसंगतच आहे, आणि ती मिटणे योग्यच. परंतु ती मिटेपर्यंत तिच्यातून एक गोष्ट उघड होते. एका राज्याच्या निवडणुकीत ज्या शेजाऱ्याविरुद्ध प्रचार केला, त्याच्याच मदतीने दुसऱ्या राज्याच्या निवडणुकीत आपला उमेदवार निवडून आणायची वेळ तेथील कार्यकर्त्यावर येऊ शकते, आणि म्हणून द्वेष साठवून ठेवणे त्याला परवडत नाही. इतर गावांत हीच गोष्ट पाच वर्षांच्या अंतराने घडते, एवढाच काय तो फरक. पण अंतर मोठे असल्यामुळे तेथील कार्यकर्ता ती विसरतो, आणि गुलाल धुऊन निघाला तरी वैर अंगावर राहते.