वाऱ्याला आवर घालण्याची परीक्षा

विंड टनेलमधला पंखा घुमत असतो. काचेपलीकडे जेमतेम दीड फुटांचा रोटर इतक्या वेगात असतो की पाती सुटी दिसतच नाहीत, नुसती धुरकट तबकडी दिसते. बाहेर मुलं सुरक्षा-चष्मे लावून उभी, नजरा लॅपटॉपवरच्या आकड्यांवर. अशात विजेची जोडणी तोडली जाते. जनरेटरवरचा भार एका क्षणात नाहीसा होतो आणि अडवणारं काहीच न उरल्यामुळे रोटर उधळू पाहतो. आता यंत्राच्या हाती १० सेकंद असतात. तेवढ्यात त्याचा वेग आधी गाठलेल्या कमाल वेगाच्या एक दशांशाखाली यायला हवा. शिवाय जोडणी परत मिळाल्यावर, कुणी बोटही न लावता, त्यानं पुन्हा फिरू लागलं पाहिजे.

हे दृश्य अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ‘कलेजिएट विंड कॉम्पिटिशन’मधलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीची ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. पहिली स्पर्धा लास वेगासमध्ये, पवनऊर्जा उद्योगाच्या वार्षिक मेळाव्यात भरली. दहा संघ उतरले, पेन स्टेट विद्यापीठानं बाजी मारली. तेव्हापासून नियमावली दरवर्षी थोडीफार बदलत आली, पण गाभा तोच राहिला. संघानं छोटी पवनचक्की स्वतः डिझाइन करायची, स्वतः बनवायची आणि परीक्षकांच्या विंड टनेलमध्ये आणून उभी करायची. रोटर ४५ सेंटिमीटरच्या मापात बसला पाहिजे, वीज ४८ व्होल्टच्या वर जाता कामा नये, आणि भरलेली बॅटरी आत दडवून आणायची नाही.

पवनचक्क्यांची स्पर्धा म्हटल्यावर जास्त वीज काढील तो जिंकला, असंच कुणालाही वाटेल. वीज किती निघते याला गुण आहेतच. पण किती मंद वाऱ्यात यंत्र जागं होतं यालाही आहेत. सेकंदाला ११ मीटरपेक्षा वारा वाढला तरी फेरे आणि वीज ठरल्या पातळीवर राहतात का, याला आहेत. आणि थांबण्याला तर आहेतच: एकदा जोडणी तुटल्यावर आपोआप, एकदा बटण दाबल्यावर. वाऱ्यातून वीज काढण्याइतकंच किंवा त्याहून कठीण काम वाऱ्याला आवरण्याचं आहे, हे या गुणपत्रिकेत मुरलेलं आहे.

याचं मूळ साध्या गणितात आहे. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. स्पर्धेच्या मापाचा रोटर घेतला, तर सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात त्याच्यासमोरून जेमतेम १२ वॉट शक्ती वाहत जाते. ११ मीटरला तीच १३० वॉटच्या आसपास पोहोचते. यातला सगळा वाटा कुणालाच मिळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० साली दाखवून दिलं की उघड्या रोटरला वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त शक्ती घेताच येणार नाही. विद्यार्थ्यांच्या यंत्राला ३० टक्के साधले असं धरलं, तर ५ मीटरला हाती चार वॉटही नाहीत आणि ११ मीटरला चाळीसच्या आत-बाहेर. म्हणजे मोबाइलच्या चार्जरपासून फार तर पंख्यापर्यंतची मजल. पण वारा २२ मीटरवर गेला, तर त्याच दीड फुटाच्या वर्तुळातून हजार वॉटच्या वर शक्ती जाऊ लागते. चार वॉटसाठी झगडणारं यंत्र आता स्वतःचा जीव वाचवायला धडपडतं.

मंद वाऱ्यातलं दुखणं वेगळं. स्थायी चुंबकांच्या जनरेटरमध्ये चुंबक आणि लोखंडी दात एकमेकांना धरून बसतात, आणि दळायला बसल्यावर जात्याचा पहिला फेरा जड जावा तसा रोटर जागचा हलत नाही. म्हणून काही संघ लोखंडी गाभा नसलेला जनरेटर हातानं गुंडाळतात. त्यात पकड नाहीशी होते, पण वीजही तुलनेनं कमी मिळते. पाती रुंद करावीत, तर सुरुवात सोपी होते आणि वेगात ती आड येतात. त्यात लहान पात्यावरून वाहणारी हवा मोठ्या पात्यासारखी वागतच नाही. ती पृष्ठभागाला चिकटून राहत नाही, लवकर सुटते. मोठ्या पवनचक्कीचा आकार तंतोतंत लहान करून थ्रीडी प्रिंटरवर छापला, तरी तो चांगला चालेलच असं नाही. त्यासाठी मंद प्रवाहाला साजेसे वेगळे छेद निवडावे लागतात.

थांबवण्याच्या तीन-चार वाटा आहेत आणि प्रत्येकीत एक खोच आहे. जनरेटरच्या तारा आपसात जोडल्या की तोच ब्रेक होतो. पण वेग उतरला की त्याची पकडही ढिली पडते. पात्यांचा कोन फिरवून ती वाऱ्याच्या धारेत आणली की ओढच संपते. पण त्यासाठी हबमध्ये बारीकसा यांत्रिक खटाटोप हवा आणि तो हलवणारी छोटी मोटर हवी. डिस्क ब्रेक लावावा, तर तो दाबायला शक्ती कुठून आणणार? जोडणी तर तुटलेली. इथे मुलं ब्रेकचं तर्कशास्त्रच उलटं करतात. स्प्रिंग ब्रेक लावायला बघत असते आणि वीज तिला मागे धरून ठेवते. वीज गेली की स्प्रिंग सुटते, ब्रेक लागतो. बिघाड होणारच, पण तो कुठल्या बाजूला व्हावा हे आधी ठरवायचं, हा विचार वर्गातल्या फळ्यावर क्वचितच येतो.

मोठ्या उद्योगाला हेच शहाणपण शिकायला बराच काळ लागला, आणि त्या कथेतही एक शाळा आहे. डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह इथल्या लोकशाळेत पौल ला कूर नावाचे शिक्षक १८९१ पासून वाऱ्यावर वीज बनवत होते. पहिल्याच वर्षांत त्यांनी जे यंत्र शोधलं, ते होतं पवनचक्कीचे झटके पचवून फेरे एकसारखे करणारा नियंत्रक. थोडी पण वेगानं फिरणारी पाती बऱ्याच संथ पात्यांपेक्षा सरस ठरतात, हेही त्यांनी विंड टनेलमधल्या प्रयोगांतून दाखवलं. साठवणीसाठी ते विजेनं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढत आणि शाळेतले दिवे त्यावर लावत.

१९०४ साली ला कूर यांनी खेड्यातल्या वीजतंत्रज्ञांसाठी वर्ग सुरू केला. त्यात सतरा वर्षांचा योहानेस यूल होता. अर्ध्या शतकानंतर, १९५७ साली, त्याच यूलनी गेडसर इथे २०० किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. तिच्या पात्यांची टोकं वेग हाताबाहेर जाऊ लागला की वळून आडवी होत आणि हवेलाच ब्रेक बनवत. हे यंत्र मोठ्या दुरुस्तीशिवाय अकरा वर्षं चाललं.

१९७०च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा डेन्मार्कमधल्या सुतार-लोहारांनी गेडसरचा नमुना समोर ठेवून पवनचक्क्या बांधायला घेतल्या. १९७५ ते १९७८ या काळात ट्वीन्ड इथल्या शाळेतले शिक्षक आणि विद्यार्थी यांनी स्वयंसेवकांना घेऊन ५४ मीटर व्यासाची, दोन मेगावॉट क्षमतेची चक्की स्वतःच्या हातांनी उभारली. ती आजही उभी आहे. पण त्या वर्षांतल्या वादळांत बऱ्याच छोट्या चक्क्या उधळून मोडल्याही. १९७८ साली रिसो इथे तपासणी केंद्र निघालं आणि मंजुरी मिळालेल्या यंत्रालाच सरकारी अनुदान मिळू लागलं. मंजुरीची एक अट होती: एकमेकांवर न विसंबणारे दोन ब्रेक. डॅनिश पवनचक्क्यांनी पुढे जगाची बाजारपेठ काबीज केली, त्यात या कंटाळवाण्या वाटणाऱ्या अटीचा मोठा वाटा आहे. तरीही २००८च्या फेब्रुवारीत हॉर्नस्लेट इथे एका जुन्या चक्कीचा ब्रेक गेला, पातं खांबावर आदळलं आणि सगळा डोलारा काही क्षणांत कोसळला. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली.

अमेरिकेतही कॉलेजनं उद्योग घडवल्याचं उदाहरण आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात विल्यम हेरोनिमस यांच्या विद्यार्थ्यांनी १९७६ साली ‘विंड फर्नेस’ नावाची २५ किलोवॉटची पवनचक्की बांधली. त्या अनुभवातून पुढे आलेली काही मंडळी ‘यू.एस. विंडपॉवर’ या कंपनीत गेली, आणि १९८० साली न्यू हॅम्पशायरच्या क्रॉचेड माउंटनवर तिनं ३० किलोवॉटच्या २० चक्क्यांचा समूह उभारला. जगातला पहिला ‘विंड फार्म’ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

आजच्या स्पर्धेला एक आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे. ४५ सेंटिमीटरच्या रोटरमधून कुणाचं घर उजळणार नाही. शहरातल्या गच्चीवर लावायच्या पवनचक्क्यांचा धंदाही फारसा कुठे बहरलेला नाही. इमारतींमधला वारा तुटक आणि गोंधळलेला असतो. मात्र संयोजकांचा हेतूही चक्की विकण्याचा नाही, माणसं तयार करण्याचा आहे. म्हणूनच यंत्राच्या जोडीला संघाला कागदावर संपूर्ण विंड फार्म आखावा लागतो: जागा, वारा, रस्ते, पक्षी, कर्ज, प्रतियुनिट खर्च. मध्यंतरी काही वर्षं तर समुद्रातल्या चक्क्यांचा विषय होता आणि मुलांना ओल्या वाळूच्या टाकीत पाया रोवून आपलं यंत्र उभं करून दाखवावं लागलं.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना हा प्रकार अगदीच परका नाही. ‘बाहा एसएई इंडिया’ या स्पर्धेसाठी दरवर्षी इथले संघ रात्र रात्र वर्कशॉपमध्ये बसून गाडी बनवतात. तिथेही गाडी कितीही वेगवान असो, ब्रेक मारल्यावर चारही चाकं जाम झाली नाहीत तर मुख्य शर्यतीत उतरू देत नाहीत. ब्रेक-टेस्ट पास होण्याचा आनंद कित्येक संघांत शर्यत संपवण्याइतकाच साजरा होतो.

वाऱ्याच्या बाबतीतही सामग्री हाताशी आहे. भारताची पवनऊर्जा क्षमता २०२५ मध्ये ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचं मुख्यालय पुण्यात आहे. देवगडजवळ जामसंडे इथे १९९०च्या दशकात प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला, मग साताऱ्याची वनकुसवडे-चाळकेवाडीची पठारं चक्क्यांनी भरली. त्यातली जुनी यंत्रं आता वयाच्या टोकाला आली आहेत. ती काढून मोठी बसवण्याचं धोरण केंद्रानं २०१६ साली आणलं आणि २०२३ मध्ये सुधारलं. पात्यांचे बेअरिंग, ब्रेक, नियंत्रण पेट्या यांत मुरलेली माणसं लागणार आहेत, आणि ती केवळ प्रोजेक्ट रिपोर्ट बाइंड करून तयार होत नाहीत.

एक अडचण मात्र खास इथली आहे. पठारावरचा जोराचा वारा जून ते सप्टेंबरचा. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प एप्रिल-मेमध्ये जमा होतात आणि ज्यांनी ते बनवले ती मुलं जूनमध्ये कॉलेजातच नसतात. अशी स्पर्धा साताऱ्यात भरवायची, तर संघ तिसऱ्या वर्षापासूनच बांधावे लागतील. तसं केलं तर टनेलमध्ये पास झालेलं यंत्र पावसाळ्यात चाळकेवाडीला नेऊन लावता येईल आणि दिवाळीच्या सुट्टीआधी त्याची मोडतोड तपासून पुढच्या सत्रात नवी पाती घालता येतील.