खोसा भाषेतील शक्यता आणि ईश्वराचे सामर्थ्य

शक्यता कर्त्याच्या अंगी असते, की घटनेच्या स्वरूपातच? ईश्वर सर्वशक्तिमान मानला की हा प्रश्न टोकदार होतो. चौकोनी वर्तुळ ईश्वराला घडवता येत नसेल, तर त्याचे सामर्थ्य अपुरे ठरते का? दक्षिण आफ्रिकेतील खोसा या बांटू भाषेचे व्याकरण हा प्रश्न निराळ्या बाजूने दाखवते.

अंगची शक्ती सांगताना खोसात 'ना' येतो. त्याचा अर्थ 'सह'. 'न्दिनेमाली' म्हणजे 'माझ्याजवळ पैसे आहेत', तर 'न्दिनाको उकुहाम्बा' म्हणजे 'मला जाणे शक्य आहे'. पैशाप्रमाणे शक्तीही माणसाच्या सोबत असते. कौशल्यासाठी 'आझी', म्हणजे 'जाणणे', हा धातू आहे. 'न्दियाक्वाझी उकुभाला' म्हणजे 'मला लिहिता येते'.

तिसरे रूप क्रियापदाच्या पोटातल्या 'ंगा'चे. 'उंगाहाम्बा' याचा अर्थ 'तू जाऊ शकतोस' किंवा 'तुला जायला हरकत नाही'. मुभा की शक्यता, हे संदर्भावरून कळते. शेवटच्या 'आ'चा 'ई' केला की 'उंगाहाम्बी' होते, म्हणजे 'जाऊ नकोस'. 'कुंगेन्झेका', म्हणजे 'घडू शकेल', यात तर कर्ताच नाही. आरंभीचा 'कु' कोणा व्यक्तीकडे बोट दाखवत नाही. बोलणाऱ्याची अनिश्चितता 'म्ह्लावुम्बी' (कदाचित) या स्वतंत्र शब्दाने येते.

नकारात मात्र 'ना' आणि 'ंगा' यांच्या वाटा एकत्र येतात. 'आन्दिनाकुहाम्बा' (मी जाऊ शकत नाही) आणि 'आकुनाक्वेन्झेका' (हे घडणे शक्य नाही) या दोन्हींत तोच 'ना' आहे. फरक उरतो तो कर्तृवाचक उपसर्गाचा: पहिल्यात 'मी', दुसऱ्यात व्यक्तिनिरपेक्ष 'कु'.

सुरुवातीच्या प्रश्नाला ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनसचे तेराव्या शतकातले उत्तर नेमके याच फरकावर उभे आहे. आत्मविसंगत गोष्टीबद्दल 'ईश्वर ती करू शकत नाही' असे म्हणण्यापेक्षा 'ती होऊच शकत नाही' असे म्हणावे, असे त्याचे मत. पहिल्या विधानात उणीव कर्त्याकडे जाते, दुसऱ्यात ती गोष्टीतच राहते. खोसात हा भेद उपसर्ग बदलून मांडता येतो. पण दोन विधानांपैकी खरे कोणते, हे व्याकरण ठरवत नाही. अशक्यता आधी कर्त्यात शोधायची की गोष्टीत, हा निर्णय युक्तिवादानेच घ्यावा लागतो.