चिंचोक्यांचा हिशेब



१८६८ साली ऑस्कर लोर छत्तीसगडात सुवार्ता घेऊन आले. त्याच रायपूर परिसरात मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात मुलांचे शिबिर भरवून क्षमेचा धडा द्यावयाचा, तर आरंभ कोठून करावा?

माझ्या मते मत्तय १८ मधील निर्दय चाकराच्या दाखल्यापासून. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. सोबतीच्या चाकराचे देणे शंभर दिनारांचे. मुलांपुढे शंभर चिंचोके मोजावेत. ही रक्कम क्षुल्लक नव्हे, हेही सांगावे. तीन महिन्यांची भाकर आहे ती! आणि धन्याने सोडलेले दहा हजार तालांत? सुमारे सहा कोटी दिवसांची मजुरी. तितके चिंचोके आणावयास बैलगाड्यांची रांग लागेल.

“चल, क्षमा कर, हात मिळव,” असे दटावून हे साधत नाही. योसेफाने भावांना मिठी मारण्यापूर्वी, त्यांनी आपणास विकले होते, हे स्पष्ट बोलून दाखविले (उत्पत्ती ४५). ज्या बालकास दुखापत झाली, त्यासही आधी बोलू द्यावे. दुखविणारा वडीलधारा असेल, तर झाकपाकीला क्षमेचे नाव देऊ नये. मुठीतले चिंचोके केव्हा सोडावयाचे, हे ते बालक प्रभूशी बोलून ठरवील; तोवर शिक्षकाने जवळ बसून राहावे.